सत्काराआधी जेवण, परतीआधी झोप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आपल्या अंकात सायकल वारीच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या गावाहून किती जण निघाले, किती किलोमीटर कापले, सगळ्यांत ज्येष्ठ कोण, सगळ्यांत लहान कोण. मी त्या आवडीने वाचते, फोटोत ओळखीचे चेहरे शोधते. मी कराडची. फिजिओथेरपीचा व्यवसाय आहे आणि स्वतः लांब पल्ल्याची सायकल चालवते. या बातम्यांत पंढरपूरला पोचल्यानंतरचे तास कधी येत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांचं दुखणं मात्र बहुतेक वेळा त्याच तासांत वाढलेलं असतं. म्हणून हे पत्र.

रविवारी मोठी राइड असली की सोमवारी सकाळी दवाखान्याचा जिना चढतानाच माणूस ओळखू येतो. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येतो. "मॅडम, पाय भरून आलेत," हे पहिलं वाक्य. आणि दुसरं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय ना?" हा समज इतका घट्ट बसलाय की तो काढण्यातच पाच मिनिटं जातात. जोरात पेडल मारताना लॅक्टेट वाढतं हे खरं, पण सायकल थांबवल्यावर तास-दीड तासात रक्तातलं त्याचं प्रमाण पुन्हा पूर्वीवर येतं. सोमवारी सकाळी दुखणाऱ्या मांडीशी त्याचा संबंध नसतो.

मग दुखतं कशाने? लांब सायकलिंगमध्ये प्रामुख्याने स्नायूतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं. तासन् तास तेच काम करून नसा आणि स्नायू दोन्ही थकतात. शिवाय मान, कंबर, तळहात एकाच स्थितीत आखडून जातात. धावणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं असतं. उतारावर धावताना स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, त्यामुळे त्याचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतं. सायकलवर स्नायू आखडत जोर लावतो आणि जमिनीचा दणका बसत नाही. म्हणून सायकलस्वाराचे पाय धावणाऱ्यापेक्षा लवकर सावरायला हवेत, आणि नीट खाल्लं-प्यालं-झोपलं तर सावरतातही. ते सावरत नसतील तर राइड संपल्यानंतर काय घडलं, हे मी आधी विचारते.

उत्तरं ऐकून जीव कासावीस होतो. एका गटाचं सांगते. गावाचं आणि गटाचं नाव देत नाही, कारण हे एकट्या त्यांचं नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. पावसात भिजत, दिवसभर सायकल मारून मंडळी मुक्कामाच्या मंगल कार्यालयात पोचली. तिथे मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुणे. सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. पाहुण्यांची भाषणं, मग एकेकाला शाल, श्रीफळ, पदक, फोटो. दोन तास ही माणसं ओल्या चड्ड्यांत, रिकाम्या पोटी, गुडघे दुमडून बसली होती. जेवण सत्कारानंतर. जेवण झालं की लगेच टेंपोत सायकली चढवून परतीचा प्रवास, रात्रभर. पहाटे घरी, नऊला कामावर. त्यातल्या एकाची मांडी पाच दिवस सुटली नव्हती. त्याला वाटत होतं आपलं वय झालं. मी म्हटलं, वय नाही, तुम्हाला जेवायला उशीर झाला आणि झोप मिळाली नाही.

ज्या गोष्टीच्या नावाने आपण सायकल वारी काढतो ती पायी वारी याबाबतीत केवढी शहाणी आहे पाहा. माउलींची पालखी पुण्यातून निघते, दिवे घाट चढते आणि सासवडला येते. तीसेक किलोमीटरचा आणि वर घाटाचा, वाटेतला सगळ्यांत दमवणारा हा दिवस. आणि सासवडला पालखी दोन रात्री मुक्काम करते. घाट चढून आलेल्या पायांना दुसऱ्या दिवशी चालावं लागत नाही. रोजच्या वाटचालीतही विसावे ठरलेले, दुपारचं जेवण ठरलेलं, मुक्काम ठरलेला. मुक्कामाच्या गावात माणसं तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात, अनोळखी वारकऱ्याचा पाय मांडीवर घेऊन चेपतात. ही व्यवस्था काही अलीकडची नाही. आपण सायकलवाल्यांनी या वारीतून अंतर उचललं, टोपी आणि पताका उचलली, जयघोष उचलला. विसावा तेवढा मागे राहिला.

फ्रान्समध्ये याच जुलै महिन्यात टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत चालू असते. जगातले सगळ्यांत तयारीचे पाय तिथे असतात, तरी २१ टप्प्यांच्या मध्ये दोन दिवस विश्रांतीचे ठेवलेले असतात. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्या प्रकारात एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसरा गाडीत खातो, झोपतो. विश्रांती त्या शर्यतीच्या रचनेतच बसवलेली आहे. आपल्या राइडच्या कार्यक्रमपत्रिकेत ती एका ओळीचीही नसते.

आता जेवणाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत मोठा फरक तिथे पडतो आणि खर्च सगळ्यांत कमी येतो. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पुरा भरायला नीट खाल्लं तर साधारण एक दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघायचं असेल तर थांबल्याबरोबर सुरुवात करायला हवी. पहिले तीन-चार तास दर तासाला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, असा हिशेब खेळाडूंसाठी धरतात. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ग्रॅम. दोन केळी आणि गुळाचा खडा, किंवा दोन वाट्या मऊ भात. त्याला काही बाहेरून मागवावं लागत नाही. सायकलवरून उतरल्या उतरल्या हातात केळं आणि ताकाचा पेला, कपडे बदलून झाले की वरण-भात, तूप, मटकीची उसळ. प्रथिनं एका जेवणात २० ग्रॅमच्या आसपास मिळावीत. दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतलं की भागतं. अंडी न खाणाऱ्यांनी दाट उसळ, मोठी वाटी दही आणि मूठभर शेंगदाणे घ्यावेत. त्या भुकेल्या क्षणी वडापाव आणि भजी समोर आली की हात तिकडेच जातो, मी समजू शकते, पण तळलेलं पोटात रेंगाळतं आणि मग रात्रीचं खरं जेवण जात नाही. भज्यांची कढई आयोजकांनी दुसऱ्या दिवशी चढवावी.

उपवासाचा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. काही जण शनिवार धरतात, काही जण एकादशी, आणि त्या दिवशीही सायकल चालवतात. उपवास मोडा असं मी सांगणार नाही. पण उपवास म्हणजे उपाशीपोटी राइड नव्हे. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टच असतो, त्यात शेंगदाण्याचं कूट पडलं की थोडी प्रथिनंही आली. रताळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळी, दूध. एवढ्यावर पाय भरपूर चालतात. नुसता चहा घेत चालवणाऱ्याचे मात्र पाय टेंभुर्णीच्या अलीकडेच बसतात.

पाण्याचं तसंच. पावसाळ्यात घाम दिसत नाही, अंग तसंही ओलं असतं, तहान लागत नाही, आणि माणूस दिवसभरात दोन बाटल्यांवर येतो. घरी वजनकाटा असेल तर मोठ्या राइडच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यांत वजन करून पाहा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी शरीरातून गेलं. ते भरून काढायला पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर लागतं, एकदम नाही, घोट घोट, आणि सोबत मीठ हवं. ताकात मीठ-जिरं, लिंबाचं सरबत, कोकम सरबत, पिठलं-भाकरी, काहीही चालेल. वजन वाढून आलं तर नुसतं पाणी जास्त झालंय, तेही बरं नाही.

इथे बायकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. आमच्यापैकी कित्येक जणी सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. कारण सरळ आहे. वाटेत जायला जागा नसते. पुरुष रस्त्याकडेला उभे राहतात, आम्ही पुढच्या पेट्रोल पंपाची वाट पाहतो आणि तिथल्या दाराला कुलूप असतं. मग पाणी कमी पिणं हाच उपाय उरतो, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. याला कुठलीही गोळी आणि कुठलाही मसाज उत्तर नाही. आयोजकांनी मार्ग ठरवताना दर २०-२५ किलोमीटरवर एका शाळेशी, मंगल कार्यालयाशी किंवा हॉटेलशी बोलून ठेवावं आणि नकाशावर तशी खूण करावी. एका फोनचं काम आहे. सायकल वारीत बायकांची संख्या वाढतेय म्हणून आपण आनंदाने छापता. त्या पाणी पिऊ शकतात का, हेही एकदा विचारून छापावं.

आणि गोळ्या. हे मला सगळ्यांत जास्त भिववतं. खिशात वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं घेऊन निघणारे तरुण मी पाहते. खंबाटकी चढायच्या आधी एक, मुक्कामी एक, रात्री झोप लागावी म्हणून आणखी एक. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, दिवसभर स्नायू राबलेले असताना त्या घेणं म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी भार. शिवाय रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला त्रास तो वेगळाच. दुखणं दबलं की माणूस आणखी जोर लावतो, आणि जी इजा दोन दिवसांत भरली असती ती दोन महिने घेते. औषधाच्या दुकानात मागितली की मिळते म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय राइडच्या दिवशी ती घेऊ नये. आणि आयोजकांच्या प्रथमोपचार पेटीतून तर ती मुळीच वाटली जाऊ नये.

बाकीच्या उपायांचं महत्त्व त्यामानाने कमी, पण विचारणारे फार म्हणून लिहिते. पोचल्यावर लगेच आडवं पडू नये, शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या गिअरवर सावकाश चालवावेत, नंतर पाचेक मिनिटं फिरावं. मग पाठीवर पडून पाय भिंतीला टेकवून वर ठेवावेत, दहा मिनिटांत जडपणा उतरतो. मांड्यांवर गार पाणी ओतल्याने ठणका कमी होतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पुरतं, बर्फाचे टब लागत नाहीत. मसाज हलक्या हाताने, घोट्याकडून वर मांडीकडे. पहिलवानाला रगडतात तसं सायकलस्वाराला रगडू नये, आधीच दमलेला स्नायू त्याने आणखी दुखावतो. स्ट्रेचिंगबद्दल लोकांचा विश्वास प्रचंड आहे. त्याने आखडलेपण सुटतं, बरं वाटतं, जरूर करावं, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याने फारसं कमी होत नाही, असंच आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलंय. रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढावीत आणि तशीच धरून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी पूर्ण झोपून राहण्यापेक्षा सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटं, गप्पा मारता येतील इतकी हलकी सायकल चालवावी. ज्यांना पुढून गुडघा दुखतो त्यांनी तो थकवा समजू नये. बहुतेक वेळा सीट खाली असते. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर ती फार वर असण्याची शक्यता असते. सायकलच्या दुकानात दहा मिनिटं घालवली तर माझ्याकडच्या दहा फेऱ्या वाचतील.

झोपेला पर्याय नाही. स्नायूंची डागडुजी झोपेत सर्वांत चांगली होते आणि थकलेल्या मेंदूलाही तीच लागते. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या मुदतीत पुरं करायच्या राइड, करणाऱ्यांना हे अधिक लागू आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास अशी मुदत असते, आणि मुदतीत बसण्यासाठी झोपेवर पहिली कात्री चालते. राइडमध्ये ते ज्याने-त्याने ठरवावं. पण ३०० किंवा ४०० संपवून, पदक खिशात घालून, स्वतः गाडी चालवत कराड-कोल्हापूर रस्त्यावर लागणारी माणसं मी पाहिली आहेत. महामार्गावर मोठ्या वाहनांच्या शेजारी, डोळे मिटत असताना. दमलेल्या पायांचं ठीक आहे, ते चार दिवसांत बरे होतात. या गोष्टीला चार दिवस मिळत नाहीत. राइड संपल्यावर पुरती झोप घेतल्याशिवाय कुणीही चालकाच्या जागेवर बसू नये, आणि परतीच्या टेंपोचा चालक सायकल चालवून आलेला नसावा, एवढा नियम प्रत्येक गटाने करावा.

टेंपोत किंवा बसमध्ये चार-पाच तास गुडघे दुमडून बसून येणाऱ्यांनी मध्ये दोनदा तरी उतरून चालावं. आणि ही लक्षणं घरच्या माणसांनीही ध्यानात ठेवावीत. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ती चेपू नये, तेल लावू नये. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. त्यात दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तडक रुग्णालय गाठावं. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली आणि मांड्या कमालीच्या दुखत असतील तर स्नायूंचा अंश रक्तात उतरून मूत्रपिंडाला धोका होऊ शकतो. तेव्हाही घरी पाणी पीत थांबू नये. हे क्वचित होतं. पण झालं तर तास महत्त्वाचे असतात.

माझी मागणी अवघड नाही. सायकल वारी काढणाऱ्या मंडळांनी पोचल्यापासूनचे तास कार्यक्रमात लिहून काढावेत. आधी कोरडे कपडे, लगेच केळी आणि ताक, तासाभरात गरम जेवण, बायका आणि पुरुषांना आडवं व्हायला वेगवेगळ्या खोल्या आणि सतरंज्या, रात्रीचा मुक्काम, सकाळी उठल्यावर सत्कार. पाहुण्यांना सकाळी आठला बोलवा, ते येतील. सायकलस्वारांचे चेहरेही फोटोत ताजे दिसतील.

आणि आपणाला, संपादक महोदय, एक विनंती. पुढच्या वर्षी सायकल वारीच्या नोंदणीच्या बातम्या छापताना प्रत्येक गटाला चार प्रश्न विचारावेत. पोचल्यावर जेवण किती वाजता, मुक्काम कुठे, वाटेत बायकांची सोय कुठे, परतीची गाडी कोण चालवणार. उत्तरं मार्गाच्या आणि तारखांच्या शेजारी छापावीत. एकदा छापून आलं की मंडळं सोय करतील, असा माझा अनुभव आहे. कराड, पाटण, विटा या भागातल्या कुठल्याही गटाच्या स्वयंसेवकांना दमलेल्या पायांची काळजी कशी घ्यावी हे मी एखाद्या रविवारी संध्याकाळी विनामूल्य शिकवीन. जागा त्यांनी ठरवावी, मला फक्त एक सतरंजी आणि खोबरेल तेलाची बाटली लागेल.

आपली वाचक,
एक सायकलस्वार फिजिओथेरपिस्ट, कराड